नानांनी तह केला नाही

नानांनी माझ्यावर हल्ला केला तेव्हा मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते. त्यांच्या खोलीतून भोंगा वाजला. तो भोंगा मला चांगला ठाऊक होता, कारण यार्डातल्या इंजिनाची शिट्टी मोबाइलवर पकडून मीच तो कॉम्प्युटरवरच्या खेळात बसवला होता. आपल्या हद्दीत परकी गोळी पडली की तो वाजायचा. या बाजीत तो आजवर कधी वाजला नव्हता. माझ्या हद्दीकडे डोळा वर करून बघायची कुणाची टाप नव्हती, नानांचा हात होता ना डोक्यावर.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. नाना खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसले होते, डावा हात माउसवर. पडद्यावर माझी यावलची चौकी जळत होती आणि तिच्यासमोर नानांचं एक जहाज उभं होतं.

"नाना, चुकून दाबलं गेलं का?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवली नाही. "नही," म्हणाले. "मुद्दाम."

आता कुणी म्हणेल, बाई, खेळच तो, त्यात एवढं काय. एवढं होतं. त्या आठवड्यात त्या माणसाने मला घरात आधीच पुरतं सोलून काढलं होतं. उरली होती ती ही एक जागा, तीही त्या दुपारी त्यांनी पेटवली. पण हे असं मधूनच सांगून कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

नाना म्हणजे माझे सासरे, सुपडू दामू बऱ्हाटे, रेल्वेतले सेक्शन कंट्रोलर. म्हणजे एका बंद खोलीत कानाला फोन लावून बसायचं आणि कुठली गाडी पुढे काढायची, कुठली बाजूच्या लूप लायनीला टाकायची ते ठरवायचं. जन्मभर त्यांनी न दिसणाऱ्या गाड्या हाकल्या. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत लकव्याने उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आमचा फ्लॅट भुसावळला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा दवाखान्यातून खुर्चीसकट चौघांनी वर आणलं, ते मग वरच राहिले.

आणि त्यांच्याबरोबर मी. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं, लग्नानंतर जळगावला एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला जायचे. नानांचं झालं तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून सोडलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांच्याने नानांना कुशीवर वळवणं होईना. माणूस ठेवून पाहिला, तर एकाच्या अंगावर नानांनी वरणाची वाटी फेकली आणि दुसऱ्याच्या हातून गोळी गिळेनात. नूतनच पाहिजे, म्हणायचे. माझा नवरा हेमंत दीपनगरला वीजकेंद्रात पाळीवर जायचा. त्याला काहीही विचारलं की तो म्हणायचा, बघू. त्या माणसाने इतकं बघितलं की थोड्या दिवसांची वर्षं झाली.

बरं, घरात वाईट कुणी नव्हतं, हीच तर अडचण. वाईट असते तर भांडून बाहेर पडले असते, गावभर सांगितलं असतं. आई म्हणजे सासूबाई, भरताच्या पातेल्यातला वरचा तेलाचा थर माझ्या ताटात घालायच्या. शेजारणींना सांगायच्या, सून नाही हो, लेक आहे माझी. लेक म्हटलं की पगार नको आणि रजाही नको. मला तर गिरणीत दळण न्यायचं म्हणजे सण वाटायचा. दळण झालं तरी मी तिथे उगाच बाकावर बसून राहायचे आणि रस्ता बघायचे. मग वर येऊन पुन्हा तेल लावा, कूस बदला, गोळ्या द्या. उन्हाळ्यात खिडक्या बंद, कूलर घरघरतोय, अशा त्या खोलीत माझा जीव इतका गुदमरायचा की कधी कधी मी न्हाणीत नळ सोडून नुसती उभी राहायचे.

खेळ सुरू झाला तो व्यायाम म्हणून. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की डाव्या हाताला काम द्या. माहेराहून माझा कॉम्प्युटर आला होता, त्यावर कॉलेजपासूनचा एक खेळ होता, आकाशातलं राज्य चालवायचा. तारे, ताऱ्यांना जोडणारे ठरलेले मार्ग, त्यांवरून जाणारी जहाजं, आपले ग्रह वाढवायचे, शेजाऱ्याशी करार करायचे नाहीतर लढायचं. एकाने आपली पाळी खेळायची, मग त्याच खुर्चीत दुसऱ्याने. मला वाटलं होतं, नाना नुसता माउस हलवतील. नानांनी नकाशा बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे तर सेक्शन आहे," म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घरी त्या खेळाला सेक्शन म्हणायचे. तारा म्हणजे स्टेशन, मार्ग म्हणजे लाइन, जहाज म्हणजे गाडी, आणि दोन दूरच्या ताऱ्यांना जोडणारं काळं भोक होतं त्याला बोगदा. नानांनी ताऱ्यांची नावं बदलून घेतली. त्यांच्या राज्यात खंडवा, इटारसी, मनमाड. माझ्या राज्यात माझं माहेर सावदा राजधानी, मग फैजपूर, यावल, रावेर. नावं बदलायला मला खेळाच्या आतल्या फायली उघडाव्या लागल्या आणि तिथेच मला नाद लागला. खेळाच्या पोटात शिरून त्याचे कायदे बदलता येतात, त्याला मॉड म्हणतात. भाजी फोडणीला टाकून मी एक ओळ बदलायची, वरण उकळेतो दुसरी. कंपनी मधूनमधून खेळाला एक्स्पान्शन काढायची, म्हणजे नवे ग्रह, नवे कायदे असा वाढीव भाग. तो घातला की माझं सगळं केलेलं मोडायचं, की मी पुन्हा जोडत बसायचे. खरं सांगते, त्या घरात माझ्या मनासारखं होणारं तेवढं एकच काम होतं.

एका एक्स्पान्शनमध्ये मांडलिक आले. लहान राज्याने मोठ्याच्या आश्रयाला जायचं, मोठा त्याचं रक्षण करणार. आमच्या बाजीत मी कोपऱ्यात सापडले होते. एकीकडे नानांची हद्द. दुसरीकडे रावेरचा बोगदा आणि त्याच्यापलीकडे यंत्रांचं राज्य, ते कॉम्प्युटर स्वतः चालवायचा. त्यांची जहाजं आली की ग्रहावर गवत उरत नसे. नाना म्हणाले, माझ्याखाली ये, जगशील. मी सही केली. नानांचं आरमार रावेरला येऊन उभं राहिलं आणि माझ्या केसालाही धक्का लागला नाही. पण माझं एखादं जहाज बाहेर काढायचं तर ते नानांच्या हद्दीतून, म्हणून दर वेळी त्यांना विचारायचं, नाना, लाइन क्लिअर? ते नेहमी द्यायचे. पण विचारावं तर लागायचंच.

त्या कायद्यावरून आमचं भांडण झालं, ते सांगायलाच हवं. मूळ खेळात अशी सोय होती की आश्रयदाता आपल्याच मांडलिकावर गोळी टाकू शकतो आणि मांडलिकाला ना उलट मारता येत ना सुटता येत. नानांना ते वाचून दाखवलं तर चहा प्यायचे थांबले. ज्याच्या ताब्यात सेक्शन त्यानेच गाडीवर गाडी घातली तर त्याच्या हातात सेक्शन ठेवतात का, म्हणाले. मला तो कायदा बदलायला लावला. आश्रयदात्याने पहिली गोळी झाडली की करार संपला, मांडलिक मोकळा. मी विचारलं, आणि नंतर दोघांनी तह केला तर? नाना म्हणाले, रुळांच्या दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतात त्याला ब्लॉक म्हणतात, ब्लॉक उठला की गाड्या जुन्याच टाइमटेबलने धावतात. म्हणजे तह झाला की जुना करार आपोआप सुरू, मांडलिक पुन्हा मांडलिक. मी म्हटलं, हा काय वेडेपणा, सुटलेला परत कशाला येईल? पण नानांपुढे कोण बोलणार. तसं लिहिलं. करार संपला की पडद्यावर येणारी सूचनाही मीच मराठीत लिहिली आणि सगळं इंटरनेटवर ठेवून दिलं. कुठल्या कुठल्या देशातले लोक आमचा भुसावळी कायदा लावून खेळायला लागले.

पुढचं एक्स्पान्शन आलं आणि सगळ्यांचे मॉड एका दिवसात बंद पडले. माझा मी दुपारच्या दोन चहांच्या मध्ये दुरुस्त करून टाकला. चार दिवसांनी पुण्याहून निरोप आला. सबिना मुजावर नावाच्या बाई, त्यांची खेळ बनवणारी छोटी कंपनी. तुमचं काम बघितलं, आमच्याकडे या, असं साधं लिहिलं होतं. फोनवर बोलल्या. पगार सांगितला. दिवाळीनंतर रुजू व्हायचं, पण इथे येऊन, सगळे एका टेबलाभोवती बसून काम करतात, घरून जमणार नाही. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. मग लगेच रडले.

संध्याकाळी जेवताना सांगितलं. नाना खुर्चीत, मी त्यांना घास भरवतेय, हेमंत आणि आई ताटावर. आई खूप खूश झाल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच हाताने ताटात भाजी वाढत म्हणाल्या, पण नानांचं कसं होईल गं? हेमंत म्हणाला, बघू. मी नानांकडे बघितलं. मला वाटलं होतं, बाकी कुणी नाही तरी हा माणूस बोलेल. यांना ठाऊक आहे मी काय करते ते, यांच्यासमोर केलंय मी. नानांनी घास गिळला आणि पाणी मागितलं.

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की पेला त्यांच्या ओठांना जरा जोरातच लागला. कुलूप म्हणजे तेच, आणि किल्लीही त्यांच्याच तोंडात, आणि ते पाणी पीत होते. रात्रभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. सबिनाबाईंना काय कळवायचं ते कळेना. नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायची सोय नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यानंतर नानांचं डोकं फिरलं. निदान घरात सगळ्यांनी असंच धरलं. सकाळी भाकरीचा तुकडा तोंडातून बाहेर काढला, म्हणाले, कच्ची. तेल लावायला गेले तर हात झटकला, तुझ्या हाताला वास येतो म्हणाले. गोळ्या दिल्या तर आईंना हाक मारून सांगितलं की ही मला चुकीच्या गोळ्या देते, हिच्यावर भरवसा नाही. मी डबी उघडून दाखवली. बघायलाही तयार नाहीत. शेजारच्या फिरके काकू हळद मागायला आलेल्या, त्यांच्यादेखत हे. मी त्यांची शी-मूत काढली होती, कधी नाक मुरडलं नव्हतं. कोणाला सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग म्हणायला लागले, मला बाहेरचा माणूस ठेवा, हिला माझ्याजवळ येऊ देऊ नका. हेमंतने पहिल्यांदाच आयुष्यात बघू म्हटलं नाही, घाबरला तो. दवाखान्यातून तायडे नावाचे एक पोक्त वॉर्डबॉय मिळाले. मी म्हटलं, बघा आता वाटी कशी उडते. कसली उडते! नाना तायडेंच्या हातून गपगुमान जेवले, गपगुमान कुशीवर वळले, वर त्यांना विचारलं, मुलंबाळं किती? माझ्या डोळ्यांदेखत. मला वाटलं, आजवर केलं ते सगळं मातीत गेलं. म्हणजे मी नसले तरी चालत होतं, आणि आधीही चाललं असतं, आणि मी मात्र ती सगळी वर्षं इथे काढली.

तरी माझा पाय निघेना. आई माझे हात धरून म्हणायच्या, आजारानं बोलताहेत गं, चार दिवस थांब, निवळेल. अशा माउलीला काय सांगणार की मी चालले? नाना खेळत मात्र होते. मी दुपारी माझी पाळी खेळून उठायचे, मग तायडे त्यांना खुर्चीत बसवायचे. आम्ही बोलत नव्हतो, पण पाळ्या चालू होत्या. त्या बाजीत मी अजून त्यांच्या आश्रयाला होते. मला वेडीला त्याचाच आधार वाटायचा.

आणि त्या दुपारी भोंगा वाजला.

तायडे औषधं आणायला खाली गेलेले. आई फिरके काकूंकडे भजनाला. मी पिठाच्या हातांनी उभी आणि पडद्यावर यावल जळतंय. माझा तोल सुटला. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, घरात नको झाले ते झालेच, आता इथेही? तुमच्या विश्वासावर सही केली होती मी. रावेरला एक जहाज ठेवलं नाही मी स्वतःचं, तुम्ही आहात म्हणून. आता यंत्रं आली की एका पाळीत सावदा जाईल माझं. हेच करायचं होतं तर जगवलं कशाला? बोलताना मला रडू येत होतं आणि त्याचा आणखी राग येत होता.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताच्या बोटाने पडदा दाखवला.

"वाच," म्हणाले.

"काय वाचू? मीच लिहिलंय ते."

"मंग परत वाच."

पडद्यावर माझीच सूचना होती. संरक्षकाने पहिली गोळी झाडली आहे. करार संपला. आपले राज्य मुक्त आहे.

मी वाचलं. नानांकडे बघितलं. ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते, आठवडाभरात पहिल्यांदा.

"पुण्याच्या बाईले कळवलं का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला भाकरी कळली. तेलाचा वास कळला, गोळ्या कळल्या, तायडे कळले. मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. यावलची ती चौकी म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा नुसता दिवा होता, तिथे वस्ती नव्हती. माझ्या अख्ख्या राज्यात माणूस नसलेली तेवढी एकच जागा होती आणि नानांनी शोधून शोधून तिच्यावर गोळी टाकली होती.

"नाना, तुम्ही सरळ सांगायचं होतं आईंना, की जाऊ दे तिला."

"सांगितलं असतं, तर तिनं तुले विचारलं असतं, खरंच जाते का? आन तू राह्यली असती." जड जिभेने त्यांना एवढं बोलायला फार वेळ लागला. "मी काही इथून हलत नही आता. तू कायले?"

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात बाहेर आईंच्या चपला वाजल्या, लॅच फिरलं. नानांनी माउसवरचा हात उचलला आणि माझं मनगट धरलं, पिठासकट. इतकं घट्ट की बांगडी रुतली. आणि घसा फोडून ओरडले, "जाय इथून! तोंड पाहायचं नही मले तुझं! निघ या घरातून!"

आईंना दारातून माझी पाठ दिसत होती. ते ओरडणं त्यांनी ऐकलं, हात दिसला नाही. नाना ओरडत होते आणि मनगट सोडत नव्हते. आई जवळ यायला लागल्या तसं सोडलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला माझ्या हाताचं पीठ लागलं होतं.

त्या रात्री आईंनीच माझी बॅग काढली. रडत होत्या. म्हणाल्या, तू जा बाई पुण्याला. या माणसाच्या तोंडी किती दिवस लागशील? मी बघते त्यांचं, तायडे आहेत. त्यांना सगळं सांगून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, नानांना चार शब्द बोलल्या असत्या, मला मिठी मारली असती, आणि बॅग परत माळ्यावर गेली असती. मी गप्प बसले. निघताना नानांच्या पाया पडले. त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. पाय मात्र मागे घेतले नाहीत.

पुण्यात मी रुळले. सबिनाबाईंनी पहिल्या दिवशी माझ्यासमोर एक खेळ ठेवला आणि म्हणाल्या, याच्यात काय खटकतं ते सांगा. मी बोलत सुटले ते जेवायची सुट्टी होईपर्यंत. हेमंत रविवारी यायचा, पुढे बदली करून घेऊन पुण्यालाच आला. ती सगळी वेगळी गोष्ट आहे.

खेळ चालू राहिला. तायडे नानांची पाळी झाली की फाइल मला मेलने पाठवायचे, मी माझी खेळून परत पाठवायचे. दुसऱ्याची बाजू बघायला पासवर्ड लागतो, म्हणून मला फक्त माझी हद्द दिसायची. आम्ही कागदोपत्री लढाईत होतो. नानांनी यावलनंतर एकही गोळी टाकली नाही. मी यंत्रांची वाट बघत होते. आश्रय गेला होता, रावेरचं नानांचं आरमार निघून गेलं होतं, म्हणून मी पोटाला चिमटा काढून तिथे चार जहाजं उभी केली. यंत्रं आलीच नाहीत. मी चक्रावले. माझ्याच मॉडमध्ये काहीतरी चुकलंय असं वाटून फायली पुन्हा पुन्हा तपासल्या, काही सापडलं नाही. त्या खेळाचे पुढे आणखी एक्स्पान्शन आले, आम्ही घेतले नाहीत. घेतले असते तर जुनी बाजी उघडली नसती.

भुसावळला गेले की नाना माझ्याशी बोलायचे नाहीत. आईंसमोर तोंड फिरवायचे. मी आणलेली मिठाई तायडेंना देऊन टाकायचे. आई माझी समजूत घालायच्या. एकदा दिवाळीत आई देवळात गेल्या तेव्हा मी खुर्चीपाशी जमिनीवर बसले. म्हटलं, नाना, आता बास झालं. तह करू या. मी इकडे अडकायची नाही आता, आईंना सांगून टाकू.

"तह झाला की जुनं टाइमटेबल," नाना म्हणाले.

"आई नाही बोलावणार मला परत."

"तुझी सासू चांगली आहे," म्हणाले. "चांगली माणसंच बोलावतात. आन तू येशील."

मी दर पाळीला तहाचा प्रस्ताव पाठवायचे. दर पाळीला तो नाकारून यायचा.

नाना गेले ते उन्हाळ्यात. चौघांनी त्यांना तीन मजले खाली नेलं. तेरावं झालं, माणसं पांगली, हेमंत पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेला. आई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मनात ठेवू नको गं. आजारानं तसं बोलायचे. शेवटी शेवटी तुझं नाव काढू देत नव्हते, इतकं कसं माणसाचं मन फिरतं?" मी मान हलवली.

तायडे तेव्हा नानांची खोली आवरत होते. त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "ताई, नानांची पाळी राहिली होती. बंद करून टाकू का?" मी म्हटलं, उघडा तरी. त्यांना पासवर्ड माहीत होता.

नानांची बाजू मी पहिल्यांदा बघत होते. मनमाड रिकामं. इटारसी, खंडवा रिकामं. राजधानीवर एक जहाज नाही. कुणीही येऊन घेतलं असतं. मी नकाशा सरकवत गेले. खंडव्यावरून, नकाशावरच्या रिकाम्या काळ्या पट्ट्याला वळसा घालून, मला कधीच न दिसणाऱ्या बाजूने, रावेरच्या बोगद्यापलीकडे. तिथे नानांचं आरमार होतं. सगळंच्या सगळं. पुढच्या रांगेतली जहाजं अर्धी मोडलेली, मागची त्यांची जागा घेणारी, सगळ्यांची तोंडं यंत्रांकडे आणि पाठ माझ्याकडे. वर्षानुवर्षं यंत्रं येत होती आणि बोगद्याच्या त्या तोंडाशी अडत होती.

"रोज उठल्यावर आधी तेवढंच बघायचे," तायडे म्हणाले. "गाड्या जागेवर आहेत का. मग चहा."

मी नानांच्या खुर्चीत बसले आणि पोटभर रडले, सावद्याला ऐकू जाईल असं. आवाज ऐकून आई भिंत धरत धरत दारापर्यंत आल्या. घाबरल्या होत्या. काय झालं, काय बघतेस त्या डब्यात, म्हणाल्या.

मी डोळे पुसले, खुर्ची थोडी बाजूला केली आणि पलंगाजवळचं स्टूल ओढून शेजारी ठेवलं.

"आई, या, बसा इथे," मी म्हटलं. "नानांनी काय केलं ते दाखवते तुम्हाला."